टोपलूनानांचे दहा गडी

टोपलूनाना गडी मोजायला लागले की नऊचे दहा व्हायचे. हुतूतूच्या संघात गडी नऊ, हे शेंबडं पोरही सांगेल, आणि नानांची तर उभी हयात हुतूतूत गेलेली. तरी परगावच्या सामन्याला निघताना ते पोरांना फलाटावर ओळीनं उभं करत, एकेकाच्या खांद्याला बोट लावत मोजत, आणि शेवटच्या गड्याच्या पलीकडे, जिथं नुसता फलाट असे, तिथंही बोट टेकवून म्हणत, "दहा. चला."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. दुसऱ्यांदा मी नीट लक्ष ठेवलं. ते बोट हवेत भरकटत नव्हतं. एका उंचीवर येऊन थांबत होतं, आणि ती उंची दर वेळी तीच असायची, शेवटच्या गड्याच्या खांद्यापेक्षा चार बोटं वर. मी ड्रॉइंग मास्तर आहे. बाकी कशात चुकेन, उंचीत चुकत नाही. 

मी मूळचा धुळ्याचा. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा रावेरच्या शाळेत चित्रकला शिकवायला आलो. आठवडा झाला नाही तोच नाना शाळेत हजर. डोक्याला टोपी, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा, गळ्यात शिट्टी. म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाये म्हने." मी हो म्हणालो, आणि फसलो.

खान्देशातल्या गावोगावच्या हुतूतू क्लबांचे सामने व्हायचे, त्यांचे नाना चिटणीस. पूर्व खान्देशातून रावेर, सावदा, एदलाबाद, पश्चिम खान्देशातून दोंडाईचा, शिंदखेडा असे क्लब. कपाशीची वेचणी उरकली की माघापासून चैत्रापर्यंत गावोगावच्या मैदानांवर खेळ चालायचा, आणि बक्षीस म्हणून एक फिरती ढाल होती, जिच्यावरची नावं पुसून पुसून गेली होती. चिटणीस नाना, पंच नाना, चुन्याच्या रेघा मारणारे नाना. खुद्द रावेरच्या सामन्यालाही पंच तेच, आणि त्यावर कुणाची तक्रार नसे, कारण रावेरच्या पोरांवर त्यांची शिट्टी जरा जास्तच कडक होती. गुणलेखक तेवढा मिळत नव्हता. तो मी झालो. मला विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

आता नावाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी थट्टा करतोय. नानांच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून हा झाला तेव्हा त्याला टोपल्यात घालून उकिरड्याजवळ ठेवलं आणि मग परक्याचं मूल उचलावं तसं उचलून घरात आणलं. यमाला वाटावं, टाकलेलं पोर आहे, याच्यात काय घ्यायचं? म्हणून नाव टोपलू. नानांच्या मुलाच्या वेळी घरात तेच झालं, फक्त टोपल्याऐवजी सूप घेतलं. त्याचं नाव सुपडू. आमच्या खान्देशात अशा नावांचे लोक गल्लोगल्ली भेटतील, आणि त्यांना त्यात काही हसण्यासारखं वाटत नाही.

नानांचा एक छंद म्हणजे माणसांचा दम मोजणं. हुतूतूत चढाई करणाऱ्यानं समोरच्या अंगणात असेपर्यंत एका श्वासात "हुतूतूतू" म्हणत राहायचं असतं, दम तुटला की तो बाद. नाना हा नियम साऱ्या जगाला लावत. लग्नात मंगलाष्टकं चालू असली की नवरा-नवरीकडे यांचं लक्ष नाही, भटजींच्या छातीकडे. एकदा शाळेत कोणी मोठे साहेब भाषणाला आले होते. साहेब शिक्षणावर रंगात आलेले, मध्येच जरा थांबले, तर मागून नानांची शिट्टी. हेडमास्तर घामाघूम. नाना शांतपणे म्हणाले, "दम तुटला त्यायचा. मी काय करू?" साहेब बिचारे खरंच खाली बसले.

पण खरी पंचाईत दुसऱ्याच गोष्टीनं व्हायची. हुतूतूत बाद झालेल्या गड्याला "मेला" म्हणतात. तो बाहेर जाऊन मेलेल्यांच्या ओळीत बसतो. मग समोरचा एखादा मेला, की ओळीतला पहिला गडी "जिवंत" होऊन आत येतो. ज्या क्रमानं मेले, त्याच क्रमानं उठायचं, यात फेरफार नाही. सामन्यात मिनिटा-मिनिटाला पंचानं "मेला" म्हणायचं, आणि आमचे पंच तो शब्दच तोंडातून काढायचे नाहीत. ते म्हणायचे, "बस भो." सावद्याचा एक दांडगा गडी एकदा अडून बसला, मेला म्हणा तरच बाहेर जाईन, बस म्हटलं तर मी इथंच बसतो. आणि बसला की मधल्या रेघेवर मांडी घालून. नाना शिट्टी वाजवून दमले, त्याच्या पाया पडायचे राहिले, पण त्यांनी शब्द उच्चारला नाही. शेवटी त्याच्याच कप्तानानं त्याला फरफटत नेलं.

बरं, हे मैदानापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. नानांच्या घरातही तो शब्द बंद होता. उंदीर मेला तर "उंदीर बसला". भाऊबंदांत कुणी गेलं तरी निरोप्यानं दारातून सांगायचं, अमका बसला. सारा गाव नानांच्या देखत तसंच बोले. मी नवीन होतो, तेव्हा पोस्टमननं भर चौकात नानांना तार वाचून दाखवली, "तुमचे पाडळशाचे मामा बसले." मी आपला विचारतो, कुठं बसले? कुणी हसलं नाही. मला वाटलं, गावच वेडं आहे.

आणि मग ती ओळ. मेलेल्यांच्या ओळीतली पहिली जागा नाना रिकामी ठेवायचे. तिथं एक धुतलेला पंचा घडी घालून ठेवलेला असे. बाद झालेला पहिला गडी पंच्याच्या शेजारी, दुसऱ्या जागेवर बसे. एखादा नवखा चुकून पंच्याजवळ टेकला, तर नाना खेळ थांबवून त्याच्यापाशी जात आणि हळू आवाजात म्हणत, "सरक भो. तठी मानूस बसेल हाये." पोरगा जागच्या जागी ताठ व्हायचा. मला म्हणाल तर मी असल्या गोष्टी मानत नाही. पण एदलाबादच्या मैदानावर भर दुपारी, वाऱ्याचं नाव नसताना, त्या पंच्याचं एक टोक कुणी गुडघा हलवावा तसं हललेलं मी पाहिलं, आणि माझ्या हातून गुणपत्रकावर शाई सांडली.

गुणपत्रकातही तेच. बादच्या रकान्यात पहिली ओळ कोरी सोडा, असा नानांचा हुकूम. मला अर्धवट रकाना सहन होत नाही. एक दिवस मी चिडलो आणि कारण विचारलं. नाना म्हणाले, "त्या ओळीत लिहेल हाये मास्तर. तुमच्या कागदावर नही, दुसऱ्या कागदावर." आणि चुन्याची बादली उचलून चालू लागले.

तो दुसरा कागद मला अक्कांनी दाखवला. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. जुनी पत्रकं आणायला मी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो, नाना केळीत होते. अक्का ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुमाले कोनी सांगलंच नही का बाप्पा?" आणि देवळीतून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यापुढं धरला.

मी येण्याआधीचा सामना होता. रावेर विरुद्ध दोंडाईचा, दोंडाईच्याला, स्टेशनजवळच्या मैदानावर. बादच्या रकान्यात एकच नाव होतं, "सुपडू टोपलू, दम तुटला". त्याच्यापुढं काहीच नव्हतं. गुणसुद्धा पुरे लिहिलेले नव्हते.

अक्कांनी सांगितलं ते असं. सुपडू वीस-बावीस वर्षांचा, बापापेक्षा उंच, आणि दम असा की विहिरीत बुडी मारली की वरचे लोक घाबरायचे. त्या सामन्यात चढाईला गेला, आणि तेवढ्यात सुरतेकडची गाडी शिट्टी वाजवत स्टेशनात शिरली. त्या आवाजात काही ऐकू येईना. शिट्टी थांबली तेव्हा नानांनी हात वर केला, "दम तुटला. मेला." सुपडू जागीच उभा राहिला. म्हणाला, "नाना, माहा दम नही तुटला." नाना म्हणाले, मेला म्हणजे मेला, बाहेर बस. तो जाऊन बसला, एकटाच. सात मिनिटं उरली होती. आणि धुळीचं वादळ आलं, हात पुढं केला तर हात दिसेना. सामना तिथंच थांबला. सुपडू रावेरला परत आला तो तापानं फणफणून, आणि नवव्या दिवशी गेला.

"ह्यायनंच बसाडलं त्याले," अक्का म्हणाल्या, "आन् उठाडाची सवडच राह्यली नही. ते म्हनतात, पोरगा अजून तठीच बसेल हाये." मग त्यांनी सूप उचललं आणि पुन्हा डाळ पाखडू लागल्या. मी जुनी पत्रकं मागायचं विसरलो. तसाच उठून आलो.

आता मला नानांचा सगळा खटाटोप कळला. बापाच्या तोंडून "मेला" निघाला, "जिवंत" निघायचा राहून गेला, आणि मध्येच ताप त्याला घेऊन गेला. त्यांना तो सामना पुरा करून हवा होता. तोच सामना, तेच मैदान, तेच गडी, थांबला तिथून पुढं सात मिनिटं. समोरचा, दोंडाईच्याचा एक गडी मेला, की ओळीतल्या पहिल्याला उठवता येईल. यासाठी ते दर महिन्याला दोंडाईच्याच्या क्लबाला एक कार्ड टाकत. तिकडून उत्तर येत नसे. ढाल त्या वर्षी रावेरलाच ठेवली होती, आता पुन्हा कशाला खेळायचं, असं त्यांना वाटे. आणि त्यांचं काय चुकलं?

त्या माघात बातमी आली की दोंडाईच्याचं ते मैदान जाणार. चैत्र संपला की तिथं मालधक्क्याचं काम सुरू होणार होतं. नाना माझ्या खोलीवर आले, उंबऱ्यातच बसले, आणि पहिल्यांदाच मला म्हणाले की काहीतरी करा. मी चांगल्या अक्षरात पत्र लिहिलं. नियम लिहिला, विनंती लिहिली, आणि खाली, नानांना न दाखवता, कारणही लिहिलं.

आठ दिवसांनी दोंडाईच्याचे कप्तान हिंमतभाऊ स्वतः आले. धिप्पाड माणूस, कापसाच्या वखारीत काम करणारा. अहिराणीत बोलले, आणि मला धुळ्याचं घर आठवलं. म्हणाले, "नाना, आमले काय म्हाईत व्हतं? त्या येळले तो पोऱ्या तठे बसेल व्हता, मी त्याले पानी दिन्हं व्हतं." मग टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "खेयसूत. बठ्ठा गडी तेच लई येसू." म्हणजे खेळू, सगळे गडी तेच घेऊन येऊ.

चैत्रातल्या एका रविवारी आम्ही गेलो. फलाटावर नानांनी गडी मोजले. आठ गडी होते, सुपडूच्या जागी कुणी घेतलाच नव्हता. नाना मोजत मोजत आठवर आले, मग बोट त्या ठरलेल्या उंचीवर टेकलं. "नऊ," नाना म्हणाले, "आज बरोबर हायेत."

मैदान आखलेलं होतं. दोंडाईच्याचे गडी तेच होते, दोघांची पोटं सुटली होती, एकाचा गुडघा बांधलेला. बघायला पन्नासेक माणसं आली होती आणि एकाच्याही तोंडून आवाज निघत नव्हता.  नानांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. मी म्हणालो, नाना, मला कुठं जमतंय? ते म्हणाले, "माह्या तोंडाचा भरवसा नही, मास्तर." आणि जाऊन मेलेल्यांच्या ओळीत, पंच्याच्या शेजारी, दुसऱ्या जागेवर बसले.

मी शिट्टी वाजवली. दोन-तीन चढाया नुसत्याच गेल्या. चौथ्या चढाईला आमचा रामदास गेला, हिंमतभाऊंच्या मांडीला हात लावून परतला. हिंमतभाऊ माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी म्हणालो, "हिंमतभाऊ मेले." ते मुकाट्यानं बाहेर गेले.

आता पुढचं मला म्हणायचं होतं. साधे दोन शब्द. वर्गात मी चाळीस पोरांवर ओरडतो, पण तिथं आधी ओळीकडे तोंड करून नीट उभा राहिलो. मग म्हणालो, "सुपडू जिवंत."

नाना उठले. पंच्याकडे पाहिलं नाही. दोन पावलं बाजूला सरले, बसलेल्या माणसाला उठून जायला वाट द्यावी तसे. आमची पोरं न सांगता सरकली आणि डाव्या कोपऱ्यात एका माणसाची जागा झाली. दोंडाईच्याचा गडी येऊन रिकामा परतला. मग चढाई आमची. कुणी पुढं होईना. रामदास जमिनीकडे पाहत म्हणाला, "सुपडूची चाल हाये."

मी पंच होतो, मला शिट्टी वाजवून हे थांबवायला हवं होतं. पण तेवढ्यात सुरतेकडची गाडी आली, त्याच वेळची. इंजिनाची शिट्टी लांबत गेली, लांबत गेली. मधल्या रेघेवरून थोडी धूळ उठली आणि पलीकडे सरकली. दोंडाईच्याचे आठही गडी एकदम एक पाऊल मागं हटले. त्यांना मी काय, कुणीच तसं सांगितलं नव्हतं.

इंजिनाची शिट्टी थांबली. आणि मागं राहिलेल्या शांततेत, पलीकडच्या अंगणातून, बारीक, एकसारखा आवाज येत होता. हुतूतूतूतू. न तुटता. मी ऐकला. पुढं शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांनी मला वाफेचं, रुळांचं बरंच काही समजावून सांगितलं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

आवाज मधल्या रेघेपर्यंत आला आणि थांबला. आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेशेजारच्या गड्यानं, त्याचं त्यालाच कळलं नसेल, बाजूला हात पुढं केला होता, साखळी धरायला.

"नही तुटला," नाना म्हणाले. ते ओळीजवळच उभे होते. कुणाशी बोलत होते कोण जाणे. "मी तवाही आयकलं व्हतं. गाडीच्या शिट्टीतबी मले आयकू येत व्हतं, माह्या पोराचा आवाज मले नही कळनार? पर लोक म्हनतील, बापानं पोराले वाचाडलं. म्हनून बसाडलं त्याले. दुसऱ्याचा असता तं मी हात वर केला नसता."

 हिंमतभाऊ बाहेर बसले होते, ते उठून नानांजवळ गेले आणि नुसते उभे राहिले. राहिलेली मिनिटं मी घड्याळात पाहिली आणि वेळ झाल्यावर शिट्टी वाजवली. त्या मिनिटांत कोण खेळलं, काय झालं, विचाराल तर मला सांगता येणार नाही. मग अक्कांकडून मागून आणलेला तो पिवळा कागद खिशातून काढून मी सुपडूच्या नावापुढचं "दम तुटला" खोडलं आणि "पंचाची चूक" असं लिहिलं. नानांनी खाली सही केली. त्यांचं अक्षर फार वाईट होतं.

परतीच्या गाडीसाठी संध्याकाळी फलाटावर पोरं ओळीनं उभी राहिली. नाना मोजू लागले. आठव्याच्या खांद्याला बोट लागलं, आणि हात तिथूनच खाली आला. "आठ," नाना म्हणाले. पुन्हा मोजले नाहीत. तो पंचा त्यांच्या खांद्यावर होता, त्यानं त्यांनी तोंड पुसलं.

डब्यात ते माझ्यासमोर बसले. गाडी हलली, मैदान मागं गेलं, चुन्याच्या रेघा थोडा वेळ दिसल्या. नानांनी पंचा घडी करून मांडीवर ठेवला. मग साध्या आवाजात, गावातली काही बातमी सांगावी तसं म्हणाले, "माहा सुपडू मेला, मास्तर."

मी म्हणालो, "हो नाना." आणि उठून त्यांना खिडकीची जागा दिली.